एकेचाळिसावं पिंप

नेमीचंदशेठ गोदामाच्या दाराला पोट लावून उभे होते आणि त्यांचा मुलगा जिनेश गुडघ्यांवर बसून, वडिलांच्या कमरेला बांधलेली किल्ली कुलपात फिरवत होता. कडदोऱ्याची गाठ सुटत नव्हती. चौतीस वर्षांत तिचा दगड झाला होता. गाठ कापावी, असं जिनेशच्या बायकोने, डिंपलने, अर्ध्या तासापूर्वी सुचवलं होतं; त्यावर शहाऐंशी वर्षांच्या शेठनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने उन्हाचं निमित्त करून तोंडावरचा मास्क डोळ्यांपर्यंत वर ओढला.

तेव्हा जुना कारागीर हौशीराम बोलला होता.

"किल्ली निगत नसंल तर शेठलाच न्या की कुलपापाशी."

हौशीरामने शेठना उद्देशून चौतीस वर्षांत काढलेला हा पहिला शब्द. आणि त्या अवमानाला उत्तर काय द्यायचं याचा विचार करत करत शेठ मुकाट्याने दारापर्यंत चालत गेले होते.

"भाऊ, जरा पोट आत घ्या," जिनेश खालून म्हणाला.

"पोट आतच आहे. किल्ली बाहेर आहे."

"बाटलीवर नाव तर चांगलं छापलं होतं, किंग ऑफ नाणेघाट," जिनेशची आई मंगलाबाई खुर्चीवरून म्हणाल्या. "आणि किंग बघा कसा उभा आहे."

आळेफाट्याहून बेल्ह्याकडे जाताना डाव्या हाताला जे उंच धुराडं दिसतं, ते या कारखान्याचं. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारातून परतणारे टेम्पोवाले त्याच्या सावलीत थांबतात आणि तिथे पूर्वी काय बनायचं याबद्दल नवख्याला काहीबाही सांगतात. शेठच्या घरात मात्र त्या वस्तूला कधीच नावाने हाक मारली गेली नाही. कोणी 'माल' म्हणायचं, मंगलाबाई 'ते पाणी' म्हणायच्या, आणि लग्नं जमवताना 'आमचा अर्काचा कारखाना होता' असं सांगितलं जायचं. ऐकणाऱ्याने ओव्याचा अर्क समजावा अशी अपेक्षा असायची. पाच पिढ्यांत ज्यांनी कांदासुद्धा चाखला नाही, त्यांच्याकडे व्हिस्कीचा कारखाना आला तो भांड्यांमुळे. शेठच्या वडिलांचं तांब्यापितळेचं दुकान. एका बंद पडलेल्या दारूच्या कारखान्यातला तांब्याचा हंडा त्यांनी लिलावात घेतला. मोडून घागरी करायच्या म्हणून. न्यायला गेले तर हंडा दारातून निघेना. आधी हंडा बसवून मग भिंती बांधल्या होत्या. भिंत पाडायची परवानगी मागायला ते सरकारी कचेरीत गेले आणि साहेबाने चुकून, किंवा कंटाळून, त्यांच्या हातात दारूचा परवाना ठेवला. सरकारी कागद परत कसा करायचा हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून कारखाना सुरू झाला.

माल बनवायला माणूस मिळाला तो हौशीराम. डिंभे धरणाच्या पलीकडच्या डोंगरातला, भात आणि नाचणी पिकवणारा, आणि असं नाक घेऊन आलेला की दोन खोल्यांपलीकडे कुणी खिशात पेरू ठेवला तर तो कच्चा की पिकला ते सांगावं. नाचणीला मोड आणून त्याने पहिला घाणा काढला, तेव्हा मंगलाबाई नव्या नवरी होत्या. त्यांनी आठ दिवस अबोला धरला. "ते पाणी केलं ते केलं, पण मोड आलेलं धान्य?"

कुलूप उघडलं. दार मात्र उघडेना, कारण शेठ अजून त्याला टेकलेले होते.

हे सगळं आज चाललं होतं ते रिद्धीमुळे. जिनेशची ही मुलगी अन्नप्रक्रियेचं शिकून पुण्याच्या एका कंपनीत लागली होती. कंपनीला कारखाना चालवायला हवा होता, आणि दारापाशी एक पाटी हवी होती: कारखान्याचा इतिहास, दोनशे शब्दांत, घरातल्या सगळ्यांच्या संमतीने. एकशे ऐंशी शब्द लिहून झाले होते. राहिले होते शेवटचे वीस. कारखाना बंद का पडला?

त्याचं उत्तर घरात लहान मुलालाही पाठ होतं, कारण ते जिनेशने सांगितलेलं होतं. आणि खरं बोलायचं तर त्रेपन्न वर्षांच्या आयुष्यात जिनेशकडे सांगण्यासारखी हीच एक गोष्ट होती. दुकान वडिलांनी दिलं, बायको मावशीने शोधली, गाडीचा रंग मुलीने ठरवला. पण चोर पकडला तो त्याने. एकोणिसाव्या वर्षी, स्वतःच्या डोक्याने.

गोष्ट अशी. शेठनी कुठून तरी ऐकलं की माल जितका मुरेल तितका चांगला. त्यांनी चाळीस लाकडी पिंपं भरून या गोदामात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला बांधली. सात वर्षांनी उघडलं, तर प्रत्येक पिंपात माल कमी. जिनेशने काठी घालून मोजलं. आत जाणं कुणाला शक्य नव्हतं. पण दाराजवळच्या गवतात त्याला सापडली रबरी नळी, चांगली आठ हात लांब. त्याने नळी कुलपाच्या भोकाला लावून बघितली. बरोबर बसली! हौशीराम बाहेर बसून नळीने पीत होता. सात वर्षं. चाळीस पिंपं. गावचे पंच बोलावून हौशीरामला विचारलं, तर तो म्हणाला, "शेठ, ते उडून जातं." या वाक्याला लग्नाच्या पंगतीत जिनेश उभा राहायचा आणि दोन्ही हात पंखांसारखे हलवत म्हणायचा, "म्हणे उडालं! भुर्रर्र!" लोक पोट धरून हसायचे. हौशीराम त्याच दिवशी पायात चपला घालून निघून गेला, दुसऱ्या कुणाला माल बनवता येईना, कारखाना बंद.

हौशीराम आज आला होता तो एका अटीवर. पहिल्यासारखा माल कसा बनवायचा ते तो रिद्धीला सांगेल, पण आधी गोदाम त्याच्यासमोर उघडायचं आणि आत राहिलेलं एकेचाळिसावं पिंप त्याच्यासमोर मोजायचं. हे पिंप त्या वेळी कागदावर नव्हतं. कागदावर नसलेली वस्तू विकता येत नाही आणि फेकताही येत नाही, म्हणून चाळिसांतलं उरलंसुरलं त्यात ओतून जिनेशने स्वतः ते काठोकाठ भरलं होतं, स्वतः बूच ठोकलं होतं. गोदामाच्या दारावर एक्साइजचं सील लागलं होतं.

"बघशील," रात्रीपासून तो रिद्धीला सांगत होता, "काठोकाठ असेल. चोर गेला, चोरी संपली. त्याच्याच अटीने तो अडकतोय."

"पप्पा, मी एक सांगू का—"

"उद्या सांग."

एक्साइजचे साहेब सकाळी सील तोडून, तीन सह्या घेऊन आळेफाट्याला मिसळ खायला गेले होते. आता गोदामात सातजण होते: शेठ, मंगलाबाई, जिनेश, डिंपल, रिद्धी, हौशीराम आणि हौशीरामची बायको चिमाबाई, जी गाडीतून उतरल्यापासून कुणाशी बोलली नव्हती आणि सगळ्यांकडे बघत होती.

खिडकी नव्हती. वर पत्रा, एप्रिलचं ऊन. आणि वास. मंगलाबाईंनी पदर नाकाला लावला.

"वासाने दोष लागतो का हो?"

"प्यायल्याने लागतो," शेठ म्हणाले.

"पण आत तर जातोच ना."

"मग श्वास घेऊ नकोस."

रिद्धीने हातोडीने बूच हलवलं. ते निघालं आणि गोदामात जणू कुणीतरी मोठा, जुना, गोड स्वभावाचा माणूस आला. गूळ, भाजलेली नाचणी, ओलं लाकूड आणि मनुका यांचा मिळून एक वास. हौशीरामने डोळे मिटले.  मग म्हणाला, "ह्यो माझा हाय."

"काठी," जिनेशने हात पुढे केला. तीच काठी त्याने जपून ठेवली होती. ती त्याने पिंपात सोडली, ऐटीत, एखाद्या डॉक्टरसारखी. काठी गेली. आणखी गेली. त्याचा पंजा बुचाच्या भोकाला टेकला तेव्हा कुठे खाली डबक्यातल्यासारखा आवाज आला. त्याने काठी वर काढली. खालची वीतभर ओली होती. वरची सगळी कोरडी.



"पुन्हा घाल," शेठ म्हणाले.

त्याने पुन्हा घातली. लाकूड तेवढंच ओलं.

"पिंप फुटलंय," जिनेश म्हणाला. सगळ्यांनी वाकून बघितलं. पिंपाखालची जमीन इतकी कोरडी होती की मुंग्यांची रांग शांतपणे चालली होती.

"जिनूशेठ," हौशीराम हळूच म्हणाला, "किल्ली कुठं व्हती?"

"भाऊंच्या कमरेला."

"आन म्या कुठं व्हतो?"



"पप्पा, मी रात्री हेच सांगत होते," रिद्धी म्हणाली. "लाकडाच्या पिंपातून माल हवेत जातो. दरवर्षी थोडा थोडा. सगळ्या जगात जातो. कंपन्या आधीच धरून चालतात. आमच्या पहिल्या सेमिस्टरला आहे."

"जगात सगळ्यांना माहीत आहे?"

"जे करतात त्या सगळ्यांना."

"मग आपल्याला कसं कुणी सांगितलं नाही?"

"विचारलं कुणाला?" डिंपल मास्कमधून म्हणाली. "या घरात विचारायची तरी सोय होती का? विचारलं की समोरचा म्हणणार, कांदा न खाणाऱ्या घरात हे प्रश्न कसे!"

"म्या सांगितलं व्हतं," हौशीराम म्हणाला. "उडून जातं म्हनून."

आणि इथे एक विपरीत गोष्ट घडली. शेठ हसले. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले. त्यांनी दोन्ही हात थोडे उचलले, पंखांसारखे. "भुर्र," ते म्हणाले. मंगलाबाईंचा पदर नाकावरून कधी घसरला कुणाला कळलं नाही. त्या खुर्चीत मागे रेलून हसत होत्या, आणि रिद्धी पिंपाला मिठी मारून. हौशीरामही हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. गोदामात वीस मिनिटं उभं राहून, एक थेंब न पिता, दोन्ही घरं सारखीच हलकी झाली होती.

फक्त जिनेश हसत नव्हता. आणि चिमाबाई.

"नळीचं काय?" जिनेश म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "नळी तर सापडली होती ना मला!"

"ती माझी," मंगलाबाई म्हणाल्या.

"काय?"

"रॉकेलची नळी. डब्यातून स्टोव्हमध्ये रॉकेल काढायची. आवारात फिरणाऱ्या रंगा नावाच्या वानराने ओढून नेली होती गवतात." त्यांनी डोळे पुसले. "तू ती पंचांसमोर धरलीस तेव्हाच ओळखली मी. तिला मीच गाठ मारली होती मध्ये."

"बाई! मग तुम्ही बोलला का नाहीत?" जिनेशने आईला विचारलं.

"बोलले असते तर कारखाना चालू राहिला असता." त्या अजून हसत होत्या, पण आता त्या हसण्याचा रंग बदलला होता. "वीस वर्षं मी रोज म्हणत होते, हे बंद व्हावं. आणि त्या दिवशी आपोआप बंद होत होतं. मला वाटलं, एक माणूस दुखावेल, पण एवढं पाप तर थांबेल. हिशेब मला तेव्हा बरोबर वाटला."

"आन त्यो एक मानूस म्हंजी आमी," चिमाबाई म्हणाली.

तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"बाईसाहेब, खोऱ्यात ह्यांचं नाव पडलं नळीवाला. आमच्या लेकीचं जमल्यालं, जानकूच्या घरात. साखरपुडा व्हनार व्हता. जानकूनं निरोप धाडला, नळीवाल्याची पोर आमाला नको. पुढं तिला अवसरी बुद्रुकला दिली, चांगली हाय, ऊसबिस हाय. पन त्या वर्साची होळी आमी दार लावून केली. जानकूचं घर समूरच हाय आमच्या. रोज सकाळी उठलं की दिसतंय."

पत्रा तापून तडतडला. डिंपलने पर्समधून रुमाल काढून चिमाबाईला दिला आणि तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. सव्वीस वर्षं नवऱ्याची गोष्ट ऐकून पहिल्यांदाच ती दुसऱ्या बाजूला उभी होती, आणि जिनेशला ते दिसलं.

शेठ खाकरले. चौतीस वर्षांची पंचायत सोडवायची तर भाषा कशी हवी हे त्यांना पक्कं माहीत होतं. "रिद्धी, पाटीवर लिही. काही अपरिहार्य कारणांमुळे कारखाना बंद करण्यात आला."

"अपरिहार्य म्हंजी कोन?" चिमाबाईने विचारलं.

"तसं कोणी नाही. कारण आहे ते."

"कारनाला नाव आसंल की."

सगळे जिनेशकडे बघायला लागले. रिद्धीचा अंगठा मोबाइलवर थांबला होता. आईचं नाव सांगता आलं असतं. ती स्वतःच पुढे आली होती. वडिलांचं सांगता आलं असतं, मालक ते. जिनेशच्या डोक्यात मनुका आणि नाचणी गरगरत होती. "लिही," तो म्हणाला, "बाष्पीभवनामुळे बंद पडला."

"पप्पा, बाष्पीभवनाने कारखाने बंद पडत नाहीत. त्याच्यासकट चालतात."

"पाटी ऱ्हाऊ द्या," हौशीराम म्हणाला. "पाटी लागनार हितं, आळेफाट्याच्या रस्त्याला. आमची मान्सं हितं येऊन वाचत्यात व्हय? तिकडं जी गोष्ट गेली ती काय पाटीवरनं न्हाई गेली. लोकांच्या तोंडातनं गेली. जिनूशेठ, तुमी गोष्ट लई झाक सांगता म्हनं. हात बी हालवता."

"कोण म्हणालं?"

"समदा जिल्हा म्हनतो. मंग चला. आमच्या वाडीत येऊन सांगा. आज."

शुद्धीवरच्या माणसाने विचार केला असता. जिनेश चटकन "चला" म्हणाला.

गाडी डिंपलने चालवली, कारण मास्क फक्त तिनेच लावला होता. शेठ आणि मंगलाबाईंना रिद्धीकडे सोडून चौघं निघाले. नारायणगावपर्यंत जिनेश खुशीत होता. त्याने हौशीरामला मोड कसे आणायचे ते विचारलं, हौशीरामने सांगितलं, दोघे कारण नसताना हसले. मंचरला त्याने खिडकी उघडली. घोडेगाव आलं आणि डोकं साफ झालं. धरणाच्या कडेकडेने गाडी वळणं घेऊ लागली तेव्हा त्याला सगळं स्वच्छ दिसायला लागलं: आपण कुठे चाललोय, कशासाठी, आणि तिथून परत येताना आपल्याकडे सांगण्यासारखं आयुष्यात काय उरणार.

"मी नुसतं म्हणेन की गैरसमज झाला होता," तो डिंपलला हळूच म्हणाला.

"तुम्हाला जसं जमेल तसं," डिंपल म्हणाली आणि गिअर बदलला. हे तिचं उत्तर त्याला कधीच आवडलं नव्हतं.

वाडीत चार वाजता अंगणात तीसेक माणसं जमली. हौशीरामने कुणाची ओळख करून दिली नाही. "हे पावणं आळेफाट्याचं. गोष्ट सांगाया आल्यात," एवढंच. समोरच्या घरातून पांढऱ्या मिश्यांचा एक म्हातारा काठी टेकत आला आणि सगळ्यात पुढे बसला. चिमाबाईने जिनेशकडे बघून मान किंचित हलवली. जानकू.

जिनेशने सुरुवात केली. "एक शेठ होते. त्यांना एक मुलगा होता."

गोष्ट त्याला इतकी मुखोद्गत होती की ती आपणहून चालू लागली. फक्त प्रत्येक ठिकाणी ती उलटी वळवावी लागत होती. हंडा दारातून निघेना, इथे लोक हसले. कुलूप आलं, किल्ली आली, काठी आली. शेठच्या मुलाने गवतातून नळी उचलली आणि कुलपाला लावून बघितली, तिथे बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "आणि हौशीबाबा म्हणाले, उडून जातं." त्याने हात पसरले. आजवर जिथे ही गोष्ट संपायची तिथे तो आला होता. तो थांबला नाही. वानर सांगितलं. रॉकेल सांगितलं. आज सकाळी कमरेच्या किल्लीसकट दाराला चिकटलेले शेठ सांगितले, आणि बंद खोलीत, सरकारी सीलाखाली, आपोआप रिकामं झालेलं पिंप. "म्हणजे चोरी झालीच नव्हती. माल हवेत गेला होता. हौशीबाबा खरं बोलले होते."

 मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि एकच गलका उठला. "नळीवालं बाबा, आता काय म्हनायचं वो तुमाला?" एक पोरगी ओरडली. हौशीराम मान खाली घालून हसत होता आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. जिनेशच्या अंगावरून ओझं उतरलं. झालं. सुटलो. त्याने रुमालाने कपाळ पुसलं आणि गाडीच्या दिशेने पाहिलं.

जानकू मात्र हसला नव्हता. त्याने काठीवर हनुवटी टेकवली होती.

"पावणं," तो म्हणाला, "लई चांगलं सांगितलं. पन एक ऱ्हायलं. त्यो शेठचा पोरगा कोन वो? एका मानसाचं घर चौतीस वरीस नासवलं आन पुन्हा लोकांच्या पंगतीत हात हालवून नाचला. म्याबी त्याचंच ऐकून माझ्या पोराचं मोडलं. त्याला कवा बगितला न्हाई म्या. हाय का जित्ता?"

 डिंपल गाडीच्या दारात उभी होती. हौशीरामने वर बघितलं नाही. त्याला बघायची गरज नव्हती, आणि त्याने सांगायचीही तयारी दाखवली नाही. जिनेशने ओठांवरून जीभ फिरवली. 

"आहे," तो म्हणाला. "मीच."

जानकूने त्याला न्याहाळलं. तळव्यापासून टकलापर्यंत, जसं बाजारात बैलाकडे बघतात तसं. मग त्याने काठी बाजूला ठेवली आणि मांडी घातली.

"आसं व्हय," तो म्हणाला. "मंग पुन्यांदा सांगा. पयल्यापास्नं. आवं, आमच्या घरची समदी वर खाचरात हायेत, त्यांस्नी हाक मारतो." आणि तो बसल्या जागेवरून डोंगराकडे तोंड करून ओरडला. वरून उत्तर आलं. बांधावरून माणसं उतरायला लागली, आधी दोघं, मग पाच, मग एक बाई कडेवर मूल घेऊन. अंगणातल्यांनी सरकून जागा केली. चिमाबाईने जिनेशपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. तो त्याने दोन घोटांत संपवला.

माणसं बसली. जिनेशने घसा साफ केला.

"तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो," तो म्हणाला, "आणि मला वाटायचं, आपल्याएवढं हुशार अख्ख्या तालुक्यात कोणी नाही."